शेवटचा सम्राट

बॉस्फरसच्या सामुद्रधुनीवर, युरोप व आशिया हे दोन खंड जेथे समोरासमोर येतात तेथे, कॉन्स्टँटिनोपल हे वैभवशाली नगर वसले होते. रोमन सम्राट पहिला कॉन्स्टंटाइन याने इ. स. ३३० मध्ये तेथे आपली नवी राजधानी स्थापिली. पुढे पश्चिमेकडील रोमन साम्राज्य लयास गेले. पण पूर्वेकडील हे बायझंटाइन साम्राज्य त्यानंतर सुमारे हजार वर्षे टिकले. सहाव्या शतकात जस्टिनियन सम्राटाच्या कारकीर्दीत त्याची सत्ता इटली व उत्तर आफ्रिकेपर्यंत पोहोचली. परंतु १२०४ मध्ये पश्चिमेकडील ख्रिस्ती सैन्यानेच हे नगर लुटले. तो घाव पुढे कधीच भरून आला नाही.

अशा पडत्या काळात, १४४९ मध्ये, अकरावा कॉन्स्टंटाइन सम्राट झाला. तेव्हा राजधानी, दक्षिण ग्रीसमधील एक प्रांत व काही बेटे एवढेच राज्य उरले होते. खजिना रिकामा होता. अर्बन नावाचा एक तोफा ओतणारा कारागीर त्याच्याकडे चाकरीसाठी आला. पण त्याला पुरेसे वेतन देण्याचे सामर्थ्य सम्राटापाशी नव्हते. अर्बन तुर्कांचा तरुण सुलतान दुसरा महंमद याच्याकडे गेला. त्याने सुलतानासाठी प्रचंड तोफ ओतली, आणि तीच पुढे या नगरावर धडाडली.

६ एप्रिल १४५३ रोजी सुलतानाने नगराला वेढा घातला. शस्त्र धरू शकतील अशा नागरिकांची सम्राटाने मोजदाद करविली, तेव्हा ते जेमतेम पाच हजार भरले. लोकांचा धीर खचू नये म्हणून त्याने तो आकडा गुप्त ठेवविला. जेनोआचा शूर सेनानी जुस्तिनियानी सातशे सैनिकांसह मदतीस आला होता. बंदराच्या तोंडाशी लोखंडी साखळी ताणलेली होती. पण सुलतानाने आपली गलबते जमिनीवरून ओढून आत उतरविली.

नगर स्वाधीन केल्यास सुखरूप जाऊ देण्याचे सुलतानाने कबूल केले. सम्राटाला प्राण वाचविता आले असते. परंतु प्रजेला संकटात सोडून जाणे त्याला मानवले नाही. दिवसा तोफांनी पाडलेले तट नागरिक रात्री माती व लाकडे घालून बुजवीत. असे त्रेपन्न दिवस चालले.

२९ मे रोजी पहाटे निकराचा हल्ला झाला. जुस्तिनियानी जखमी होऊन मागे फिरला आणि रक्षकांची फळी फुटली. सम्राट तटापाशीच लढत राहिला व गर्दीत दिसेनासा झाला. त्याचा देह निश्चितपणे ओळखता आला नाही.

साम्राज्य बुडाले आणि नगर तुर्कांची राजधानी झाले. सम्राट संगमरवराचा होऊन निजला आहे व एके दिवशी जागा होईल, अशी कथा ग्रीक लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. साम्राज्य वाचविणे त्याच्या हाती नव्हते. पण अखेरपर्यंत आपल्या लोकांत राहणे त्याच्या हाती होते. ते कर्तव्य त्याने पार पाडले.