जनावरांच्या घरातले यंत्र : लक्ष्मणराव किर्लोस्कर

चरित्रमालेच्या या अंकात आम्ही कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांची ओळख करून देत आहोत. हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत हे नाव नवे नाही. शेतावरच्या पंपावर ते अनेकांनी वाचलेले असते, आणि रेल्वेने पुण्याला जाताना सांगलीच्या पुढे किर्लोस्करवाडी स्टेशन लागते तेही ठाऊक असते. तरीही हे चरित्र आताच देण्याला एक निमित्त आहे.

अलीकडे पालक आमच्याकडे एक विचारणा वारंवार करतात. घरात कुत्रा किंवा मांजर आहे, केस सगळीकडे होतात, मुलाला धूळ सोसत नाही. अशा घरासाठी खात्रीचा व्हॅक्यूम क्लीनर कसा निवडावा? एखाद्या घरात तर कुत्रा कोणाला तरी देऊन टाकावा का, इथपर्यंत बोलणे जाते आणि मुले रडकुंडीला येतात. हा प्रश्न आजचा वाटतो. पण जनावरे असलेल्या घरात कष्टाचे पैसे मोजून यंत्र आणायचे, तर ते विश्वासाचे आहे हे कशावरून ओळखायचे, हा पेच शंभर वर्षांपूर्वी आपल्याच मुलखातल्या शेतकऱ्यांपुढे होता. तो सोडवण्यात लक्ष्मणरावांचे आयुष्य गेले. म्हणून आधी त्यांची हकीकत पाहू आणि मग पालकांच्या प्रश्नाकडे येऊ.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीजवळच्या गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे आणि याच घराण्यातले. लक्ष्मणरावांचे मन शाळेच्या पुस्तकात फारसे रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रे न्याहाळणे हे त्यांचे दोन छंद. वडिलांना हे पसंत नव्हते, पण थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. १८८५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

दोन वर्षांनी एक कटू गोष्ट उघड झाली. त्यांना काही रंगांतला फरक नीट कळत नव्हता. चित्रकाराच्या दृष्टीने हा मार्गच बंद झाला. पण रेषेला रंग लागत नाही. त्यांनी यंत्रांची रेखाटने करण्याचे शिक्षण घेतले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. तिथल्या कार्यशाळेत यंत्रे उघडून पाहण्याची आणि पुन्हा जोडण्याची सवय त्यांना लागली. बढतीच्या वेळी आपल्याला डावलले गेले असे दिसताच त्यांनी ती नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले.

बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान होते. किर्लोस्कर ब्रदर्स या नावाची सुरुवात १८८८ सालची मानली जाते. त्या काळी सायकल ही मोठी नवलाई होती आणि किमतीनेही भारी. ती विकत घेणाऱ्याला चालवायला शिकवावे लागे आणि मोडली तर दुरुस्त करून द्यावी लागे. गिऱ्हाईक पैसे देऊन गेले की संबंध संपला, असा हा धंदा नव्हता. बेळगावातील किर्लोस्कर रोड हे नाव आजही त्या दिवसांची आठवण देते.

सायकली परदेशातून येत होत्या. आपल्या लोकांच्या उपयोगाचे यंत्र आपण का करू नये, हा विचार लक्ष्मणरावांना स्वस्थ बसू देईना. त्यांची नजर गेली ती गोठ्याकडे. आपल्या भागात जनावरांची मुख्य वैरण म्हणजे ज्वारीचा कडबा. अख्खी पेंडी टाकली तर बैल पाला आणि शेंडा खातो, खालचे जाड धांडे तुडवून टाकतो. दुष्काळी सालात हे नुकसान मोठेच. विळ्याने किंवा कुऱ्हाडीने कडबा तोडायला वेळ लागतो आणि हातालाही धोका असतो. यावर त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. अशा यंत्राच्या मोठ्या चाकाला पाती बसवलेली असतात. एकाने चाक फिरवायचे, दुसऱ्याने कडबा पुढे सारायचा, आणि बारीक तुकडे खाली पडतात. तुकडे झाले की जनावर धांडेही खाते.

नंतर त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला. लाकडी नांगर जमीन उकरतो, पण माती पुरती उलटी करत नाही. लोखंडी नांगराचा फाळ तास कापतो आणि त्यामागचा वळणदार पत्रा मातीची पाठ पोटाकडे करतो. तण मुळासकट गाडले जाते आणि खालची माती उन्हाला येते. काळ्या जमिनीला हे फार मानवते. पण नांगर तयार झाले आणि विकलेच जाईनात. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत शेतकऱ्यांत होती. सुमारे दोन वर्षे हा माल पडून राहिला.

इथे आमच्या विद्यार्थ्यांनी थोडे थांबावे. शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याच्या बाजूने पाहा. नांगर घ्यायचा म्हणजे गाठीची पुंजी घालायची. भरपेरणीच्या तोंडावर तो मोडला तर वर्ष बुडाले. गावच्या सुताराला लाकडी नांगर दुरुस्त करता येतो, लोखंडी मोडला तर कोणाकडे जायचे? बैल किती जोडायचे? त्याची शंका जमिनीच्या विषाच्या नावाने बोलली जात होती, पण तिच्या तळाशी हे खरे प्रश्न होते. त्यांना उत्तर एकच : नांगर शेतात चालवून दाखवायचा, झिजणारा फाळ बदलून मिळेल अशी सोय ठेवायची आणि चूक आढळली तर पुढचा नांगर सुधारायचा.

धंदा जरा मार्गी लागतो न लागतो तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले; शहराची वाढ तिथे व्हायची होती. साचे, भट्टी, कामगार घेऊन जायचे कुठे? अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन देऊ केली. जमीन माळरानाची, निवडुंगाने भरलेली आणि सापांचा सुळसुळाट असलेली. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. रामूअण्णा वसाहतीची व्यवस्था पाहत, शंभोराव जांभेकर यंत्रांचे काम पाहत, मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत. या वसाहतीत शिवाशिव पाळायची नाही असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवले. यंत्रावर विश्वास ठेवायला लोकांना शिकवणारा हा माणूस माणसांवरही विश्वास टाकत होता.

रेल्वेचे स्टेशन दाराशी असल्याने नांगर दूरवर जाऊ लागले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्सची मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याच्या मालाची माहिती शेतकऱ्यांपर्यंत पोचवणे हा तिचा आरंभीचा हेतू होता. पुढे ती मराठीतील नामांकित मासिक झाली. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील एम. आय. टी. मधून यंत्रशास्त्राची पदवी घेऊन १९२६ मध्ये परतले. नांगरापाठोपाठ पंप आले. १९४१ मध्ये आपल्या हुबळीच्या दक्षिणेस हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना निघाला आणि तिथे यंत्रे घडवणारी यंत्रे होऊ लागली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ साली जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. व्हॅक्यूम क्लीनरची कथाही अशीच घरच्या अडचणीतून सुरू होते. १९०१ मध्ये इंग्लंडच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी धूळ ओढून घेणारे यंत्र केले. ते इतके मोठे होते की घोडागाडीवरून आणून रस्त्यात उभे करीत आणि खिडक्यांतून नळ्या आत सोडीत. अमेरिकेतील जेम्स मरे स्पँगलर हे एका दुकानात झाडलोट करीत. त्यांना दमा होता आणि झाडूने उडणारी धूळ सोसत नसे. त्यांनी पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हातात मावणारे यंत्र बनवले; १९०८ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. म्हणजे दम्याच्या घरासाठीच हे यंत्र जन्मले म्हणा ना.

कोणत्या कंपनीचे घ्यावे हे आम्ही सांगणार नाही. पण लक्ष्मणरावांच्या शेतकऱ्याने जे प्रश्न विचारले असते ते दुकानात जरूर विचारावेत.

पहिला प्रश्न, माझ्या घरच्या कामाला हे बेतलेले आहे काय? आपल्या घरांत बहुधा शहाबादी, मोझेक किंवा टाइल्सची फरशी असते, गालिचे थोडे. फरशीवर मऊ ब्रशाचे तोंड पुरते. केस खरे अडकतात ते सोफा, गादी आणि सतरंजीत. त्यासाठी फिरत्या ब्रशाचे लहान तोंड सोबत हवे. या ब्रशाला केसांचा पीळ बसतो. तो ब्रश हाताने सहज निघतो का, हे दुकानातच काढून पाहावे.

दुसरा प्रश्न, झिजणारे भाग हुबळीत मिळतात काय? पट्टा, ब्रश, पिशवी आणि फिल्टर हे या यंत्राचे फाळ. त्यांच्या किमती यंत्राच्या किमतीबरोबरच विचाराव्यात. दुरुस्तीची सोय गावात आहे की यंत्र बेंगळूरला पाठवावे लागते, हेही पाहावे.

तिसरा प्रश्न, ओढलेली धूळ आतच राहते काय? मागून बारीक धूळ बाहेर पडत असेल तर दम्याच्या मुलाला उलट त्रास होतो. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे कण शेकडा ९९.९७ प्रमाणात अडवतो, पण यंत्राचे सांधे घट्ट नसतील तर हवा फिल्टरला वळसा घालून निघते. पिशवीचे यंत्र रिकामे करताना धूळ कमी उडते. डब्याच्या यंत्रात पिशवीचा खर्च वाचतो, पण डबा घराबाहेर आणि मोठ्या माणसानेच रिकामा करावा.

चौथा प्रश्न, वॅटचा आकडा मोठा म्हणजे यंत्र चांगले काय? वॅट म्हणजे वीज किती खाते तो आकडा. युरोपात २०१७ पासून घरगुती यंत्रांना ९०० वॅटची मर्यादा आहे आणि तिथली घरे स्वच्छच आहेत. म्हणून आकड्यावर न जाता यंत्र चालवून दाखवायला सांगावे. घरचे थोडे केस पुडीत बांधून नेले तरी चालेल.

आवाजाचाही विचार करावा. कुत्र्या-मांजरांचे कान तीक्ष्ण असतात. पहिले काही दिवस यंत्र बंद ठेवूनच त्यांना हुंगू द्यावे आणि मग दूरच्या खोलीत सुरू करावे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. कोणतेही यंत्र दम्याचे औषध नाही. जनावराला मुलाच्या झोपण्याच्या खोलीत येऊ न देणे, रोज बाहेर नेऊन त्याचे केस विंचरणे आणि डॉक्टरांचा सल्ला घेणे ही कामे यंत्राने टळत नाहीत. एवढे सगळे केल्यावर आणि डॉक्टरांशी बोलल्यावरच कुत्र्याबद्दल काय ते ठरवावे. त्या बोलण्यात मुलांनाही बसू द्यावे.

विद्यार्थ्यांसाठी या वेळचा गृहपाठ असा : घरातील कोणतेही एक यंत्र घ्या, मग ते शिवणयंत्र असो, मिक्सर असो की पंप. त्यातला कोणता भाग आधी झिजतो, तो आपल्या गावात कुठे मिळतो आणि कोण बसवून देतो, हे घरच्या मोठ्या माणसांना विचारून दहा ओळींत लिहून आणा. विजेच्या यंत्राला मोठ्यांशिवाय हात लावू नका.