मजूरमंत्री बाबासाहेब

परमपूज्य बाबासाहेब म्हटले की चवदार तळे, राज्यघटना, दीक्षाभूमी डोळ्यांसमोर येते. त्यांच्या मजूरमंत्रीपदाबद्दल मात्र आपल्या घरांत फारसे बोलले जात नाही. जुलै १९४२ मध्ये ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. पुढच्याच महिन्यात ‘चले जाव’ पेटले. इंग्रजांना मिळाले, अशी टीका झाली. बाबासाहेब डगमगले नाहीत.

खाते तरी केवढे! मजूर, खाणी, वीज, पाटबंधारे सगळे त्यातच. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडच्या कोळशाच्या खाणीत स्वतः उतरले. मंत्री कशाला खाणीत उतरतोय? पण परळच्या चाळीत गिरणी कामगारांमध्ये राहिलेला माणूस तो! १९४६ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. एव्हरशाईन सिटीतून पहाटे कंपनीत जाणाऱ्यांनी हे पोरांना जरूर सांगावे.

१९४३ च्या पुरात दामोदर नदीने बंगालमध्ये हाहाकार केला. पूर अडवा, त्याच पाण्यावर वीज आणि शेती करा, अशी अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्यासारखी योजना बाबासाहेबांनी पुढे नेली. जानेवारी १९४५ च्या कलकत्त्याच्या बैठकीचे अध्यक्ष तेच. दामोदर खोरे महामंडळ १९४८ मध्ये झाले, तेव्हा ते स्वतंत्र भारताचे कायदामंत्री होते.