बर्ट्रांड रसेल

बर्ट्रांड आर्थर विल्यम रसेल (१८ मे १८७२ – २ फेब्रुवारी १९७०) हे ब्रिटिश तत्त्वज्ञ, तर्कशास्त्रज्ञ व गणिती होते. शुद्ध गणिताच्या सर्व संकल्पनांची व्याख्या तर्कशास्त्राच्या संकल्पनांनी करता येते आणि त्याचे सिद्धांत तर्कशास्त्राच्या तत्त्वांवरून सिद्ध करता येतात, या मताचे म्हणजेच तर्कशास्त्रवादाचे ते प्रमुख पुरस्कर्ते होते. या मताला मोठा धक्का देणारा विरोधाभासही त्यांनीच शोधला.

पूर्वायुष्य

रसेल यांचा जन्म वेल्समधील ट्रेलेक येथे उमराव घराण्यात झाला. माजी पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल हे त्यांचे आजोबा. लहानपणीच आई-वडिलांचे छत्र हरपल्याने आजीने त्यांचे संगोपन केले. ते अकरा वर्षांचे असताना थोरले बंधू फ्रँक यांनी त्यांना युक्लिडची भूमिती शिकवली. सिद्धतांनी ते भारावून गेले. परंतु स्वयंसिद्ध तत्त्वे सिद्धतेवाचूनच स्वीकारावी लागतात, हे कळल्यावर त्यांची निराशा झाली. गणिताला निःसंशय पाया हवा, ही ओढ पुढेही कायम राहिली. १८९० मध्ये ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले.

रसेलचा विरोधाभास

१९०० मध्ये पॅरिसच्या तत्त्वज्ञान परिषदेत त्यांची इटालियन गणिती ज्युझेप्पे पेआनो यांच्याशी भेट झाली. पेआनो यांची चिन्हपद्धती आत्मसात करून ते गणिताच्या पायाकडे वळले. १९०१ मध्ये त्यांना एक विसंगती आढळली. मांजरांचा वर्ग हे काही मांजर नव्हे. म्हणजे हा वर्ग स्वतःचा घटक नाही. अशा, स्वतःचे घटक नसलेल्या सर्व वर्गांचा मिळून एक वर्ग कल्पिला, तर तो स्वतःचा घटक आहे असे मानताच तो नाही असे ठरते आणि नाही असे मानताच आहे असे ठरते.

जून १९०२ मध्ये रसेल यांनी ही विसंगती जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेग यांना पत्राने कळवली. अंकगणिताची उभारणी तर्कशास्त्रावर करणाऱ्या फ्रेग यांच्या ग्रंथाचा दुसरा खंड तेव्हा छापला जात होता. त्यांनी दोष मान्य करून खंडाला परिशिष्ट जोडले.

वर्णनांची उपपत्ती

१९०५ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकातील लेखात रसेल यांनी निश्चित वर्णनांचे विश्लेषण केले. फ्रान्सचा विद्यमान राजा टकला आहे, या विधानात त्यांच्या मते तीन दावे आहेत: असा राजा किमान एक आहे, एकाहून अधिक नाही आणि जो आहे तो टकला आहे. पहिलाच दावा खोटा असल्याने विधान असत्य ठरते, निरर्थक नव्हे. त्यामुळे नसलेल्या राजाला कोणत्याही प्रकारचे अस्तित्व द्यावे लागत नाही. वर्गांविषयीच्या विधानांनाही त्यांनी पुढे हीच रीत लावली.

प्रकार-उपपत्ती आणि ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’

१९०८ मध्ये त्यांनी प्रकार-उपपत्ती सविस्तर मांडली. तिच्यात वस्तू, वस्तूंचे वर्ग, वर्गांचे वर्ग अशी श्रेणी असते. वर्गाचे घटक त्याच्या खालच्या पायरीवरचेच असू शकतात. म्हणून वर्ग स्वतःचा घटक आहे किंवा नाही, असे म्हणणेच अर्थहीन ठरते. आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांच्यासह लिहिलेल्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ या ग्रंथाचे तीन खंड १९१० ते १९१३ दरम्यान प्रसिद्ध झाले. अपेक्षित तोटा भरून काढण्यासाठी दोन्ही लेखकांना प्रत्येकी ५० पौंड स्वतःच्या खिशातून द्यावे लागले.

या बंधनांमुळे नेहमीचे गणितही अडू लागल्याने ग्रंथात काही गृहीतके घ्यावी लागली. वस्तूंची संख्या अनंत आहे, हे त्यांपैकी एक. अशी गृहीतके शुद्ध तर्कशास्त्राची कशी, हा आक्षेप शेवटपर्यंत राहिला. १९३१ मध्ये कुर्ट ग्योडेल यांनी दाखवले, की अशी कोणतीही पद्धती सुसंगत असेल, तर तिच्यात सिद्ध वा असिद्ध न करता येणारी विधाने उरतात.

उत्तरायुष्य व प्रभाव

पहिल्या महायुद्धाला विरोध केल्याने १९१६ मध्ये ट्रिनिटीतील त्यांचे अध्यापकपद गेले आणि १९१८ मध्ये त्यांना कारावास झाला. गणिती तत्त्वज्ञानाचा परिचय करून देणारा, १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ त्यांनी तुरुंगातच लिहिला. १९५० मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. वेल्समध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. निःसंशय पायाचा त्यांचा शोध पूर्णत्वास गेला नाही. तथापि वर्णनांचे विश्लेषण भाषेच्या तत्त्वज्ञानात मूलभूत ठरले आणि प्रकारांची कल्पना संगणकशास्त्रात आजही उपयोगी पडते.