डॉ. हेलन टॉसिग : निळ्या बाळांच्या डॉक्टर

हेलन टॉसिग यांचा जन्म १८९८ साली अमेरिकेत झाला. अकराव्या वर्षी आई क्षयाने गेली. लहानपणी त्यांना वाचताना फार अडचण येई. हार्वर्ड तेव्हा स्त्रियांना वैद्यकीय पदवी देत नव्हते, म्हणून त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकल्या आणि १९२७ साली डॉक्टर झाल्या. पुढे ऐकू येणे कमी झाले, तेव्हा मुलांच्या छातीवर हात ठेवून त्या हृदयाचे ठोके ओळखू लागल्या.

त्यांच्याकडे येणाऱ्या अनेक बाळांचे ओठ आणि नखे निळी असत, कारण फुफ्फुसांकडे पुरेसे रक्त जात नसे. रक्ताला नवी वाट करून द्यावी, ही कल्पना टॉसिग यांची. ती शस्त्रक्रिया डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक आणि त्यांचे सहायक व्हिव्हियन थॉमस यांनी प्रयोगशाळेत घडवली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी सव्वा वर्षाच्या मुलीच्या हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीला जोडली गेली. ती मुलगी काही महिन्यांनी दगावली, पण या पद्धतीने पुढे हजारो मुले वाचली.

१९६३ साली निवृत्त झाल्यावरही टॉसिग आपल्या जुन्या रुग्णांची खबर घेत राहिल्या. १९८६ साली मोटार अपघातात त्यांचे निधन झाले.

गरोदरपणात हे का आठवावे?

अशा शस्त्रक्रियेनंतर हाताला लहान वाहिन्यांतून रक्त मिळते, पण त्या हाताची नाडी क्षीण राहते आणि बीपी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. महाधमनी अरुंद असलेल्या काही बाळांच्या शस्त्रक्रियेत डाव्या हाताची वाहिनी वापरतात. तिथेही हेच होते. गरोदरपणात वाढलेले बीपी मग लक्षातच येत नाही. महाधमनी दुरुस्त केलेल्या जागी फुगवटा येण्याचा किंवा तिचा थर फाटण्याचा धोकाही असतो.

म्हणून महागावात तपासणीला जाताना लहानपणीच्या शस्त्रक्रियेचे कागद सोबत न्या. कागद हरवले असतील तर छातीवरचा किंवा पाठीवरचा व्रण दाखवा. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचे बीपी मोजून घ्या. शक्यतो गर्भधारणेपूर्वीच हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. छातीत किंवा पाठीत अचानक तीव्र वेदना, धाप, चक्कर किंवा खूप डोके दुखणे यांपैकी काहीही झाले तर लगेच १०८ ला फोन करा.