स्प्रिंगचा हिशेब मांडणारा माणूस

ठाण्याचा घोडबंदर रस्ता असो की कल्याण-शीळ मार्ग, पावसाळ्यात मोटारसायकल चालवणाऱ्याची दोन गोष्टींशी रोज गाठ पडते. एक रस्त्यातला खड्डा आणि दुसरी सीटखालची स्प्रिंग. खड्ड्याबद्दल तो महापालिकेला मनसोक्त बोलतो. स्प्रिंगचा विचार मात्र क्वचितच करतो. दुकानातून गाडी आली तेव्हा मागचे शॉकअॅब्सॉर्बर जसे बसवलेले होते, तसेच ते वर्षानुवर्षे राहतात; मग त्या गाडीवर पन्नास किलोचा कॉलेजकुमार बसो, नाहीतर नव्वद किलोचे गृहस्थ, मागे पत्नी आणि मधे मुलगा.

किती वजनाला स्प्रिंग किती दबते, याचा नियम मांडणारा माणूस रॉबर्ट हूक. हे नाव आपण कॉलेजच्या प्रयोगशाळेत ऐकतो, वजने टांगून आलेख काढतो आणि परीक्षेनंतर विसरतो. त्या नावामागचा माणूस मात्र विसरण्याजोगा नव्हता.

हूकचा जन्म १८ जुलै १६३५ चा; इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट बेटावर फ्रेशवॉटर या गावचा. वडील तिथल्या चर्चमध्ये धर्मोपदेशक. मुलगा प्रकृतीने नाजूक, सतत डोके दुखणारा. त्यामुळे शिक्षण बरेचसे घरीच. एकदा सुटे केलेले पितळी घड्याळ त्याने पाहिले आणि तसेच लाकडाचे घड्याळ करून ते चालवून दाखवले. १६४८ मध्ये वडील वारले. वारशाचे थोडे पैसे गाठीला बांधून तेरा वर्षांचा हा मुलगा लंडनला आला. काही दिवस चित्रकार पीटर लेलीकडे उमेदवारी केली, मग वेस्टमिन्स्टर शाळेत दाखल झाला. पौगंडावस्थेतच त्याच्या पाठीला बाक आला आणि तो पुढे वाढतच गेला.

शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी जिंकली, त्या सुमारास हूक ऑक्सफर्डमध्ये होता. रॉबर्ट बॉइलचा मदतनीस म्हणून त्याने हवा उपसणारा पंप बांधला आणि बॉइलच्या हवेवरच्या प्रसिद्ध प्रयोगांना तोच उपयोगी पडला. १६६२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला प्रयोगांचा व्यवस्थापक नेमले. सभेत सभासदांसमोर नवनवे प्रयोग करून दाखवायचे, अशी ही नोकरी. १६६५ मध्ये त्याचा ‘मायक्रोग्राफिया’ हा सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या जगाचा सचित्र ग्रंथ निघाला. बुचाच्या कापात दिसलेल्या कप्प्यांना त्याने ‘सेल’ हे नाव दिले. जीवशास्त्रात आज तेच चालते.

धक्के कमी करण्याची खटपट

त्याच वर्षी १ मे रोजी काही मंडळी लंडनबाहेर कर्नल ब्लाउंट यांच्या घरी जमली. घोडागाडीचे धक्के कमी कसे करावेत, याचे प्रयोग तिथे चालले होते. नौदलातला अधिकारी सॅम्युअल पीप्स याने आपल्या रोजनिशीत त्या दिवसाची नोंद केली आहे. रॉयल सोसायटीच्या जाणत्या मंडळींत हूकही होता. अनेक गाड्या तपासल्या गेल्या. त्यांत एका गाडीचा सारा डोलारा एकाच लांब स्प्रिंगवर तोललेला होता. आळीपाळीने सर्वांनी तिच्यात बसून पाहिले आणि पीप्सला ती फार सुखाची वाटली.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर १६६६ मध्ये, लंडन जळाले. शहर पुन्हा उभारताना हूक नगराचा सर्वेक्षक झाला. कोणता रस्ता किती रुंद करायचा, कोणाची किती जागा रस्त्यात जाणार, शेजाऱ्यांच्या भिंतीचा तंटा कसा मिटवायचा, हे सारे तो जागेवर जाऊन ठरवी. राखेच्या ढिगांत खुंट्या ठोकून त्याने रस्त्यांच्या रेषा आखल्या. रस्तारुंदीचे नाव काढले की भांडणे कशी पेटतात, हे ठाणे-डोंबिवलीकरांना सांगायला नको. आगीच्या स्मरणार्थ उभारलेला २०२ फुटांचा स्तंभ हे क्रिस्टोफर रेन आणि हूक या दोघा मित्रांचे काम.

नियम आणि त्याचा उपयोग

हे सगळे चालू असताना स्प्रिंग त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. वीस, तीस, चाळीस फूट लांब तार वर खिळ्याला अडकवायची, खाली पारडे बांधायचे, वजन वाढवत जायचे आणि तार किती ताणली ते मोजायचे. वेटोळ्यांच्या स्प्रिंगवरही तेच. वजन दुप्पट केले तर ताण दुप्पट, तिप्पट केले तर तिप्पट. १६७६ मध्ये हा नियम त्याने अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला, म्हणजे शोध आपला राहील आणि दुसऱ्याला कळणारही नाही. दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, त्याने कोड्याचा उलगडा केला.

आता हा नियम घेऊन मोटारसायकलपाशी येऊ. अनेक साध्या गाड्यांना मागच्या स्प्रिंगखाली पायऱ्यापायऱ्यांचे एक कडे असते. आकड्याच्या तोंडाचा पाना खाचेत घालून ते फिरवले, की स्प्रिंग मुळातच थोडी दाबून धरली जाते. त्याने स्प्रिंग कडक होते असे पुष्कळांना वाटते, पण तसे नाही. समजा, दहा किलो वजन वाढले की मागची बाजू पाच मिलिमीटर बसते. स्प्रिंगची वेटोळी एकसारखी असतील, तर एकदा ती दबू लागल्यावर कडे पहिल्या पायरीवर असो की पाचव्या, पुढच्या प्रत्येक दहा किलोंना ती पाचच मिलिमीटर बसणार. कडे फिरवल्याने बदलते ती वजनाखाली गाडी उभी राहण्याची उंची.

ही उंची महत्त्वाची आहे. दोघे-तिघे बसल्यावर गाडी फार खाली बसली, तर खड्ड्यात स्प्रिंगला दबायला जागाच उरत नाही आणि उरलेला दणका थेट मागे बसणाऱ्याच्या मणक्याला पोचतो. पुढचे चाक हलके पडते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. उलट हलक्या माणसाने कडे पार घट्ट ठेवले, तर चाकाला खड्ड्यात खाली उतरायला वाव राहत नाही; ते उड्या मारते आणि रस्त्याची पकड सुटते. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणच्या खड्ड्यांनी दुचाकीवरच्या माणसांचे बळी घेतले. तेव्हा हा विषय केवळ आरामाचा नाही.

मोजणे सोपे आहे. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी ठेवावे. आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचे अंतर टेपने घ्यावे. मग रोज जेवढी माणसे बसतात तेवढी बसवून, स्टँड काढून, तेच अंतर पुन्हा मोजावे. चाकाची जेवढी एकूण हालचाल, तिच्या पाव ते एक तृतीयांश फरक आला तर ठीक. जास्त आला तर कडे एकेक पायरी घट्ट करावे, कमी आला तर सैल. दोन्ही बाजूंना पायरी सारखीच हवी. शॉकअॅब्सॉर्बरमधून तेल गळत असेल, तर मात्र कडे कितीही फिरवून उपयोग नाही. उसळणारी स्प्रिंग शांत करण्याचे काम ते तेलच करते.

नाव मागे पडले

हूकचा उतारवयातला काळ कडवट गेला. स्प्रिंगवरच्या घड्याळाचे श्रेय कोणाचे, यावरून १६७५ मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्सशी वाद झाला. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, ही कल्पना आपण न्यूटनला पत्रातून कळवली होती, असा त्याचा १६८६ मधला दावा. तो अगदीच निराधार नव्हता. पण ती कल्पना गणिताने सिद्ध केली ती न्यूटननेच. हूक स्वभावाने संशयी, चिडका. शरीर वाकलेले, झोप नाहीशी झालेली. लग्न त्याने केले नाही. सांभाळलेली पुतणी ग्रेस १६८७ मध्ये गेली आणि तो अधिकच एकटा पडला.

३ मार्च १७०३ रोजी ग्रेशम कॉलेजातल्या आपल्या खोलीत तो वारला. काटकसरीने राहिलेल्या या माणसाच्या पेटीत आठ हजारांहून अधिक पौंड निघाले. त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. हूकचे खात्रीचे असे एकही चित्र आज उपलब्ध नाही. ट्रकच्या शाफ्टमधला जो जोड आपल्याकडचे मेकॅनिक ‘क्रॉस’ म्हणून ओळखतात, त्यालाही इंग्रजीत हूकचे नाव आहे. पण तो बदलणाऱ्याला ते ठाऊक नसते.

रस्ता आखणे आणि स्प्रिंग समजून घेणे, ही दोन्ही कामे या एकाच माणसाने केली. आपल्याकडे रस्त्याचे काम पालिकेचे आहे आणि ते तिच्याकडून करून घेतलेच पाहिजे. स्प्रिंगचे काम मात्र आपल्या हातातले. त्याला एक टेप, एक पाना आणि रविवारची पंधरा मिनिटे पुरतात.