‘ढ’ मुलांची बाजू घेणारा डॉक्टर

‘तारे जमीन पर’मधला ईशान आठवतोय? २००७ मध्ये तो सिनेमा आला आणि ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द आपल्याकडे घराघरात पोचला. त्याच्या ८२ वर्षं आधी अमेरिकेत एका डॉक्टरसमोर असाच एक मुलगा येऊन बसला होता. शाळेने त्याला ‘ढ’ ठरवलं होतं. डॉक्टरला मात्र ते पटेना. त्या डॉक्टरचं नाव सॅम्युअल टॉरी ऑर्टन.

ऑर्टन यांचा जन्म १८७९ चा, ओहायोतल्या कोलंबसचा. वडील भूगर्भशास्त्रज्ञ आणि ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचे पहिले अध्यक्ष. म्हणजे घरात अभ्यासाचंच वातावरण. सॅम्युअल डॉक्टर झाले, पण करिअरची सुरुवातीची वर्षं पेशंटपेक्षा मायक्रोस्कोपसोबत जास्त गेली. मनोरुग्णालयात राहून मेंदूचा अभ्यास करायचा, हे त्यांचं काम. मेंदूच्या ठराविक भागाला इजा झाली की चांगल्या शिकल्या-सवरलेल्या माणसालाही वाचता येईनासं होतं, हे त्यांना माहीत होतं.

१९१९ मध्ये ते आयोवातल्या नव्या मनोरुग्णालयाचे संचालक झाले. १९२५ च्या जानेवारीत त्यांनी ग्रीन काउंटी या ग्रामीण भागात फिरतं क्लिनिक नेलं. अभ्यासात मागे पडणारी मुलं पाठवा, असं शिक्षकांना सांगितलं. त्यात १६ वर्षांचा एक मुलगा आला. इतकी वर्षं शाळेत जाऊनही त्याला वाचता येत नव्हतं. बुद्धिमत्ता चाचणीत स्कोअर ७१, म्हणजे खूपच कमी. दुसरा कुणी असता तर फाइल तिथेच बंद झाली असती. पण गप्पा मारताना ऑर्टन यांच्या लक्षात आलं, की यंत्रांबद्दल विचारलं की पोरगा नीट विचार करून उत्तर देतो. वाचावं न लागणारी, चित्रांची चाचणी त्याने बरीच चांगली सोडवली. मग चुकतंय कोण, मुलगा की चाचणी?

अशा मुलांना तेव्हा ‘शब्दांधळं’ म्हणत. ऑर्टन यांना ते नाव पटलं नाही, कारण या मुलांना अक्षरं दिसत होती, फक्त ती उलटसुलट होत होती. इंग्रजीतल्या ‘बी’चा ‘डी’ व्हायचा, ‘वॉज’चं ‘सॉ’ व्हायचं. त्यांनी याला ‘स्ट्रेफोसिम्बोलिया’, म्हणजे उलटीपालटी झालेली चिन्हं, असं भारदस्त नाव दिलं. कारणही शोधलं. मेंदूच्या दोन अर्ध्या भागांपैकी एकाने वरचढ व्हायला हवं. तसं झालं नाही की आरशातल्यासारख्या उलट प्रतिमा मध्ये येतात, असं त्यांचं म्हणणं.

गंमत म्हणजे हे कारण पुढे टिकलं नाही. डिस्लेक्सियात मुख्य अडचण डोळ्यांची नसून शब्दातले सुटे आवाज ओळखण्याची आणि ते अक्षरांशी जोडण्याची असते, असं आज बहुतेक संशोधक मानतात. पण ऑर्टन यांनी सुचवलेला उपाय टिकला. अख्खा शब्द बघून पाठ करायला लावू नका. एकेक अक्षर घ्या, त्याचा आवाज ऐकवा, मुलाला तो मोठ्याने म्हणू द्या, हाताने गिरवू द्या, मग आवाज जोडून शब्द बनवा. न्यूयॉर्कला गेल्यावर ॲना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन या दोघींनी या कल्पनेतून शिक्षकांसाठी पायरी-पायरीने शिकवायची पद्धत बांधली. ‘ऑर्टन-गिलिंगहॅम’ नावाने ती आजही वापरात आहे.

१९३७ च्या पुस्तकात त्यांनी आणखी एका गटाकडे लक्ष वेधलं. या मुलांचे कान ठणठणीत असतात, आवाज ऐकू येतो, पण बोललेले शब्दच नीट कळत नाहीत. अशी मुलं लक्ष देत नाहीत किंवा बहिरी आहेत, असा समज व्हायचा. ऐकलेल्या आवाजाचा अर्थ लावताना मेंदूला येणाऱ्या अडचणींवर आज ऑडिओलॉजिस्ट वेगळ्या चाचण्या घेतात. ही अडचण आणि डिस्लेक्सिया एकच नव्हेत, पण एकाच मुलात दोन्ही असू शकतात. गोंगाटाच्या वर्गात पुन्हा पुन्हा ‘काय?’ विचारणारं पोर दरवेळी टाइमपास करत नसतं, ते यामुळेच.

ऑर्टन १९४८ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी पत्नी जून आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या नावाने संस्था काढली. तीच आजची ‘इंटरनॅशनल डिस्लेक्सिया असोसिएशन’.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतांचा समावेश झाला. तरीही परीक्षेत एक्स्ट्रा टाइम किंवा रायटर घेणाऱ्याला ‘तुझी तर मजा आहे यार’ असं आपण सहज ऐकवतो. त्याला ‘मजा’ म्हणायच्या आधी आयोवातला तो मुलगा आठवा. १६ वर्षांचा होईपर्यंत त्याला नेमकं काय अवघड जातंय, हे कुणी विचारलंच नव्हतं.