क्रांतिसिंह नाना पाटील : प्रतिसरकारानंतरची तीस वर्षे

प्रास्ताविक

क्रांतिसिंह नाना पाटील हे नाव आपणांस शालेय वयापासून परिचित आहे. सातारा जिल्ह्यातील प्रतिसरकार, तुफान सेना, भूमिगत जीवन आणि त्यांना पकडून देणाऱ्यास जाहीर झालेले इनाम, एवढ्या गोष्टी बहुतेकांना ठाऊक असतात. त्यांची अनेक चरित्रपर लेखने 1946 मध्ये, म्हणजे नाना भूमिगत अवस्थेतून बाहेर आले त्या क्षणी, जवळजवळ थांबतात. तेव्हा त्यांचे वय अवघे 46 वर्षांचे होते. पुढे ते आणखी 30 वर्षे जगले, दोनदा लोकसभेवर निवडून गेले आणि दोन्ही वेळा विरोधी बाकावर बसले. पहिली निवड त्यांच्या स्वतःच्या साताऱ्यातून झाली. दुसरी झाली ती मराठवाड्यातील बीड जिल्ह्यातून, जिथे त्यांचे घर नव्हते, भावकी नव्हती आणि गुंठाभर जमीनही नव्हती. या पाठात आपण मुख्यतः या उत्तरार्धाचा विचार करणार आहोत. पूर्वार्ध पाहावा लागेल तो उत्तरार्ध समजण्यापुरता.

तलाठ्याची नोकरी ते प्रतिसरकार

नाना रामचंद्र पाटील यांचा जन्म 3 ऑगस्ट 1900 रोजी झाला. वाळवा तालुक्यातील येडेमच्छिंद्र हे त्यांचे गाव. त्या काळी ते सातारा जिल्ह्यात होते, आज सांगली जिल्ह्यात आहे. घर शेतकऱ्याचे, शरीर भरदार आणि आवाज खणखणीत. शिक्षण बेताचे झाले. पण तेवढ्यावर तलाठ्याची नोकरी मिळाली. शेतकऱ्याच्या मुलाच्या दृष्टीने ती मोठी गोष्ट होती. 1930 साली सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू होताच नानांनी ती सोडली. शेतसारा, सातबारा आणि सावकाराचे कर्ज यांतून सत्ता गावापर्यंत कशी पोहोचते, हे त्यांनी तलाठी म्हणून आतून पाहिले होते. पुढे त्यांच्या भाषणांत जो रोखठोकपणा आला, त्याचे एक मूळ या दप्तरात असावे.

सत्यशोधक चळवळीचा संस्कारही त्यांच्यावर होता. कमी खर्चात, मानपान टाळून लावलेली लग्ने गांधी-विवाह म्हणून ओळखली जात आणि नाना त्यांचे हिरिरीने पुरस्कर्ते होते. राजकीय स्वातंत्र्य आणि लग्नातील कर्ज हे त्यांच्या दृष्टीने दोन वेगळे विषय नव्हते.

1942 च्या चले जाव आंदोलनानंतर सातारा जिल्ह्यात जे घडले, ते देशात फार थोड्या ठिकाणी घडले. सुमारे दीडशे गावांत इंग्रजी सत्तेला समांतर असा कारभार उभा राहिला. गावोगावी न्यायदान मंडळे स्थापन झाली. जमिनीचे, कर्जाचे, सोडलेल्या बायकांचे तंटे तिथे मिटू लागले. कुंडल हे या चळवळीचे एक प्रमुख केंद्र होते. जी. डी. बापू लाड, नाथाजी लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर, पांडू मास्तर असे अनेक कर्ते कार्यकर्ते त्यात होते. जून 1943 मध्ये शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली गेली, एप्रिल 1944 मध्ये धुळ्याचा सरकारी खजिना. सामान्य लोक या सरकारला पत्री सरकार म्हणत. गुन्हेगाराच्या तळपायावर होणाऱ्या शिक्षेवरून ते नाव पडले, असे सांगितले जाते. नाना या साऱ्याचे प्रतीक झाले होते. त्यांची कन्या हौसाबाई याही चळवळीत होत्या. इंग्रज सरकारने नानांची जमीन आणि घर जप्त केले. परंतु त्यांना पकडता आले नाही.

जुने सोबती, नवी सत्ता

1946 मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि भूमिगत कार्यकर्ते उघडपणे वावरू लागले. इथून नानांच्या आयुष्यातील अवघड भाग सुरू होतो. इंग्रजांविरुद्ध लढताना शत्रू कोण हे सांगावे लागत नव्हते. आता सत्तेवर बसलेली माणसे परकी नव्हती. ती कालपर्यंत एकाच भाकरीचे तुकडे मोडून खाणारी होती. यशवंतराव चव्हाण हे स्वतः 1942 च्या सातारा जिल्ह्यातील लढ्यातून आलेले. किसन वीर हे प्रतिसरकारातील आघाडीचे नेते. हे दोघेही काँग्रेसमध्ये राहिले. नाना मात्र केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांच्या शेतकरी कामगार पक्षात गेले. राज्य बदलले, पण कुळाची आणि शेतमजुराची स्थिती बदलली नाही, हा या पक्षाचा मूळ आक्षेप होता.

त्या पक्षाचे पुढे काय झाले, हे पाहिल्यावर एकपक्षीय वर्चस्वाची रीत ध्यानी येते. 1954 पर्यंत मोरे आणि जेधे दोघेही काँग्रेसमध्ये परतले. महाराष्ट्रात काँग्रेसने विरोधकांना चिरडण्यापेक्षा सामावून घेण्यावर अधिक भर दिला. यशवंतरावांच्या संदर्भात बेरजेचे राजकारण हा शब्दप्रयोग पुढे रूढ झाला, तो याच रीतीचे नाव आहे. विरोधी कार्यकर्त्याला तुरुंगाची भीती कमी होती. सोसायटीचे कर्ज, साखर कारखान्याचे संचालकपद आणि 1962 पासून जिल्हा परिषदेची सत्ता या साऱ्या वाटा मात्र एकाच दारातून जात होत्या. त्या दारातून गेलेला प्रत्येक जण लोभी होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गावासाठी रस्ता, शाळा किंवा कालवा मिळवायचा तर सत्तेजवळ असले पाहिजे, हा विचार प्रामाणिकही असू शकतो. नानांनी तो स्वीकारला नाही, एवढे खरे.

1951 मध्ये ते शेतकरी कामगार पक्षातून फुटलेल्या गटाबरोबर बाहेर पडले आणि पुढे भारतीय कम्युनिस्ट पक्षात आले. 1955 साली डहाणू येथे अखिल भारतीय किसान सभेचे अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्षपद नानांकडे होते. वारकरी आणि सत्यशोधक वळणाच्या ग्रामीण वातावरणात वाढलेला हा माणूस कम्युनिस्ट कसा झाला, याचे नवल काही अभ्यासकांना वाटते. त्यांच्या भाषणांत ग्रंथांतील सिद्धांतांना फारशी जागा नव्हती. म्हणी, खेड्यातील किस्से, हास्य आणि मध्येच चढणारा आवाज यांवर त्यांचे भाषण उभे असे. मार्क्सपर्यंत ते पुस्तकाच्या वाटेने गेले नाहीत. ते गेले खंडकऱ्याच्या आणि कुळाच्या प्रश्नाच्या वाटेने.

1957 : साताऱ्याचा कौल

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने विरोधकांना प्रथमच एकत्र आणले. कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे एरवी एकमेकांशी न पटणारे पक्ष समितीच्या छत्राखाली उभे राहिले. 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव कराडमधून थोड्या मतांनी निवडून आले. सातारा मतदारसंघातून नाना लोकसभेवर गेले.

लोकसभेत मराठीतून बोलणारे पहिले खासदार म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. यामागील तरतूद समजून घेण्यासारखी आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 120 नुसार संसदेचे कामकाज हिंदीत किंवा इंग्रजीत चालते. परंतु ज्या सदस्यास या भाषांत नीट मांडणी करता येत नाही, त्याला मातृभाषेत बोलण्याची अनुमती अध्यक्ष देऊ शकतात. मराठी राज्याच्या मागणीवर निवडून आलेल्या माणसाने दिल्लीत मराठी बोलावे, हे औचित्याचेच होते. तरी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नानांचे वक्तृत्व मोकळ्या मैदानातील होते. समोर जमिनीवर बसलेले हजारो श्रोते आणि घड्याळाकडे न पाहणारी रात्र त्याला लागे. मोजून मिळालेल्या मिनिटांच्या सभागृहात ते तितके फुलले नसावे.

1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले. समितीची मागणी पूर्ण झाली आणि त्याबरोबर तिला बांधून ठेवणारा धागाही सुटला. 1962 च्या निवडणुकीत राज्यातील लोकसभेच्या 44 पैकी 41 जागा काँग्रेसला मिळाल्या. साताऱ्याची जागा जिंकली ती किसन वीर यांनी. ज्या भूमीत प्रतिसरकार उभे राहिले, तिथे त्या सरकारातील एक सहकारी आता सत्ताधारी पक्षाचा खासदार होता.

बीड

बीड जिल्ह्याची राजकीय घडण साताऱ्याहून सर्वस्वी निराळी होती. हा भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रझाकारांचा काळ पाहिलेली पिढी 1967 मध्ये भर वयात होती. अंबाजोगाई (तेव्हाचे मोमिनाबाद) येथील योगेश्वरी विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थ आणि बाबासाहेब परांजपे यांनी शिक्षणाबरोबरच स्वातंत्र्याचे शिक्षणही दिले होते. 1952 च्या पहिल्या निवडणुकीत हैदराबाद राज्यातील कम्युनिस्ट पक्षावर बंदी असल्याने डावे उमेदवार पीपल्स डेमॉक्रॅटिक फ्रंट या नावाने उभे राहिले. तेलंगणात नलगोंड्यातून रावि नारायण रेड्डी प्रचंड मतांनी विजयी झाले, हे देशभर गाजले. त्याच आघाडीचे उमेदवार म्हणून रामचंद्र गोविंद तथा बाबासाहेब परांजपे बीडमधून लोकसभेवर गेले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. हैदराबाद विधानसभेतील विरोधी पक्षनेतेपदही या आघाडीच्या व्ही. डी. देशपांडे यांच्याकडे होते. म्हणजे काँग्रेसला नाकारण्याची एक वाट बीडमध्ये आधीपासून मळलेली होती. 1957 आणि 1962 मध्ये ती झाकली गेली आणि जागा काँग्रेसकडे गेली.

बालाघाटच्या डोंगररांगांनी हा जिल्हा दुभंगलेला आहे. वर आष्टी, पाटोदा, केज या भागांत हलकी जमीन आणि अवर्षण; खाली गेवराई, माजलगावकडे गोदावरीकाठची काळी माती. जायकवाडी धरणाची कोनशिला 1965 मध्ये बसली होती. पण त्याचे पाणी यायला अजून पुष्कळ वर्षे होती. दिवाळी सरली की मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या पश्चिमेकडील साखर कारखान्यांच्या वाटेला लागत. 1972 च्या दुष्काळानंतर हे स्थलांतर फार वाढले, पण सुरुवात त्याआधीची आहे. बीडचे कोयते नगर, सातारा, सांगलीकडे जात होते आणि त्याच प्रदेशातला एक शेतकरी पुढारी उलट दिशेने बीडकडे आला होता. हा योगायोग खरा, पण त्यात अर्थ नाही असे वाटत नाही.

फेब्रुवारी 1967 ची निवडणूक देशभर काँग्रेसला जड गेली. सलग दोन वर्षांचे अवर्षण, परदेशी गव्हावरची भिस्त, जून 1966 मधील रुपयाचे अवमूल्यन आणि महागाई यांनी लोक त्रासले होते. लोकसभेच्या 520 जागांपैकी काँग्रेसला 283 मिळाल्या आणि अनेक राज्ये तिच्या हातून गेली. महाराष्ट्रात मात्र तसे झाले नाही. विधानसभेच्या 270 पैकी 203 आणि लोकसभेच्या 45 पैकी 37 जागा तिने राखल्या. उरलेल्या आठांत मुंबईतून श्रीपाद अमृत डांगे आणि जॉर्ज फर्नांडिस, पुण्यातून एस. एम. जोशी, राजापूरमधून नाथ पै असे नामवंत होते. आणि त्यांत एक होते बीडचे खासदार नाना पाटील. डांगे आणि नाना, एवढेच दोघे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे. एक गिरणगावाच्या बळावर निवडून आलेले, दुसरे कोरडवाहू शेतकऱ्यांच्या.

त्या काळी काँग्रेसची निशाणी बैलजोडी होती. शेतकऱ्याच्या दारात रोज उभ्या असलेल्या जोडीवर शिक्का मारू नका, असे शेतकऱ्याच्याच पुढाऱ्याने सांगायचे, ही नानांसमोरची अडचण किती मोठी होती ते आज सहजी लक्षात येत नाही. त्यांच्या पक्षाची निशाणी विळा आणि कणीस. साक्षरता कमी असलेल्या जिल्ह्यात उमेदवाराच्या नावाआधी निशाणी पोहोचत असे. तरीही बीडकरांनी परजिल्ह्यातील, 66 वर्षांचा, सत्तेपासून दूर असलेला उमेदवार निवडला. जातीची गणिते, स्थानिक काँग्रेसमधील रुसवेफुगवे अशी कारणे प्रत्येक निवडणुकीला असतात, तशी याही वेळी असतील. परंतु केवळ त्यांनी हा निकाल उलगडत नाही. निजामाशी लढलेल्या लोकांना इंग्रजांशी लढलेला माणूस परका वाटला नाही, हे कारण आम्हांस अधिक वजनदार वाटते.

या विजयातून बीडला काय मिळाले, असा प्रश्न विद्यार्थ्याने अवश्य विचारावा. विरोधी खासदाराच्या हाती ना मंजुरी असते, ना निधी. आजच्यासारखा खासदार निधीही तेव्हा नव्हता. कारखाना किंवा धरण आणल्याची पाटी नानांच्या नावावर नाही. जिल्ह्यात त्यांचे कायमचे बिऱ्हाड नव्हते, हा आक्षेपही पूर्णतः खोडता येत नाही.

अखेरची वर्षे

1969 मध्ये काँग्रेस फुटली. 1971 च्या मध्यावधी निवडणुकीत गरिबी हटवण्याची भाषा स्वतः पंतप्रधानच बोलू लागल्या आणि बीडची जागा काँग्रेसने परत मिळवली. याहून चमत्कारिक गोष्ट अशी की नानांचा भारतीय कम्युनिस्ट पक्षच आता इंदिरा गांधींच्या जवळ गेला होता. जून 1975 मध्ये आणीबाणी आली, तेव्हा त्या पक्षाने तिला पाठिंबा दिला. उभा जन्म वर्चस्वाच्या विरोधात घालवलेल्या वृद्ध कार्यकर्त्याच्या वाट्याला हा काळ यावा, हे त्याच्या चरित्रातील न सुटलेले कोडे आहे. चरित्रकाराने ते घाईने सोडवू नये.

6 डिसेंबर 1976 रोजी नाना पाटील यांचे निधन झाले. वाळवा येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. त्या वर्षी व्हावयाची लोकसभेची निवडणूक पुढे ढकलण्यात आली होती. ती मार्च 1977 मध्ये झाली आणि बीड जिल्ह्याने काँग्रेसऐवजी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे यांना दिल्लीला पाठवले.